भाजलेल्या ओकचं तबक : एक फुटलेलं, एक टिकलेलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फैजपूरहून एक ताई गाडीच्या डिकीत चार फळ्या टाकून भुसावळला माझ्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक रंधा मशीन आणि एक कूलर. फळ्या गडद कॉफीच्या रंगाच्या होत्या. रंग नुसता वरून लावलेला नव्हता, कापलेल्या टोकाकडून पाहिलं तरी आत तसाच. प्रत्येक फळी मीटरभर लांब, १३० मिलिमीटर रुंद, २६ जाड, आणि दोन्ही कडांना क्लिपा बसवायच्या खाचा. नव्या बंगल्याच्या गच्चीवर बसवलेल्या लाकडातले हे उरलेले तुकडे.

"भाऊ, ह्याचं एक मोठं तबक हवंय. हॉलमधल्या टेबलावर ठेवायला. फूटभराचं तरी."

मग त्यांनी पिशवीतून आणखी एक वस्तू काढून माझ्या बाकावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी मीच करून दिलेलं बाभळीचं तबक. ठेवल्या ठेवल्या डुगडुगलं. ताई काही बोलल्या नाहीत, बोलायची गरजही नव्हती. एप्रिलमध्ये कातलेलं तबक पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूने उचललं होतं, आणि गोल म्हणून दिलेली वस्तू आता नजरेलाच लांबट दिसत होती.

माझा भाचा पारोळ्याचा, सुट्टीत हाताखाली येतो. त्याने नवी फळी नाकाशी नेली आणि निकाल देऊन टाकला, "मामा, हाई लाकूड जळेल शे."

जळालेलं नव्हतं, भाजलेलं होतं. ओक म्हटलं की आपल्याकडे आधी आडनाव आठवतं. झाड हिमालयाच्या अलीकडे सहसा दिसत नाही. हा ओक युरोपातला आणि वर भट्टीतून निघालेला. ही पद्धत १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये व्यापारी पातळीवर आली. लाकूड बंद भट्टीत आधी पूर्ण वाळवतात, मग १८० ते २१५ अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतात. आतली हवा काढून तिच्या जागी वाफ भरलेली असते, म्हणून लाकूड पेट घेत नाही. भाच्याला मी भरताचं उदाहरण दिलं : काड्यांच्या जाळावर वांगं टाकलं की साल जळून कोळसा होते, कारण तिला हवा मिळते, आतला गर मात्र नुसता शिजतो. हे लाकूड म्हणजे तो गर. त्या दिवसापासून शेडमध्ये त्या फळ्यांचं नाव 'वांगी' पडलं ते आजतागायत.

आपल्या हवेचा हिशेब

हे काम मी घेतलं ते बाभळीच्या तबकाची लाज वाटली म्हणून. पण घेण्याआधी पाटीवर हिशेब मांडला, आणि तो इथे देतो, कारण खान्देशात लाकूडकाम करणाऱ्याचं अर्धं दुखणं ह्याच हिशेबात आहे.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४३-४४ वर असतो आणि हवेतला ओलावा पंधरा-वीस टक्के. अशा हवेत पडून राहिलेल्या साध्या लाकडात त्याच्या वजनाच्या जेमतेम ४ टक्के पाणी उरतं. ऑगस्टमध्ये झड लागली की पारा २६-२७, ओलावा ८० च्या आसपास. तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जातं. रात्रीचा गारवा आणि घरातली हवा धरली तरी वर्षाकाठी दहा टक्क्यांची ये-जा धरून चालावं. कोकणात हवा वर्षभर दमट असते, तिथे लाकडाला एवढा प्रवास करावा लागत नाही. आमच्याकडे ते दर वर्षी उपवासही करतं आणि पारणंही फेडतं.

साधी पांढऱ्या ओकची फळी तिच्यातल्या ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे रुंदीच्या ०.१८ ते ०.३७ टक्के फुगते. ओंडक्याच्या मध्यातून उभी चिरलेली असेल तर कमी आकडा, आडवी चिरलेली असेल तर मोठा. ३१० मिलिमीटरच्या तबकाला दहा टक्क्यांनी हे लावलं, तर तबक दाण्याच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने साडेपाच ते साडेअकरा मिलिमीटर वाढणार. दाण्याच्या लांबीकडे ते जवळपास हलतच नाही. म्हणूनच गोलाचा लंबगोल होतो. त्यात वरची बाजू हवेला उघडी आणि खालची टेबलाला टेकलेली, म्हणजे दोन्ही बाजूंना ओलावा सारखा लागत नाही आणि तबक वाकतं. बाभळीचा गुन्हा नव्हता. मी ती पुरती न वाळवता कातली होती आणि जाडीही नको तितकी ठेवली होती.

भाजल्याने ह्यात काय फरक पडतो? लाकडात मुख्यत्वे तीन घटक : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पाण्याला सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेमिसेल्युलोज, आणि उष्णतेत सगळ्यात आधी मोडतं तेही तेच. मोडताना त्यातून व्हिनेगरमधलंच आम्ल, ॲसेटिक ॲसिड, सुटतं. भाच्याला धुराबरोबर जो आंबूस वास आला तो ह्याचा. पाणी धरणारा घटकच कमी झाला की लाकूड हवेतून साधारण निम्मंच पाणी घेतं. फुगणंही त्याच प्रमाणात उतरतं.

फुकट काही मिळत नाही. तोच घटक तंतूंना आपसात बांधूनही ठेवतो. तो गेला की लाकूड हलकं होतं, स्थिर होतं आणि ठिसूळ होतं. कच्चा पापड वाकतो, भाजलेला मोडतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि हाताला कळणं ह्यांत एक फुटलेलं तबक बसलं.

पहिली चकती

फळ्यांच्या खाचा कापून टाकल्यावर रुंदी १०८ मिलिमीटर उरली. तीन पट्ट्या शेजारी चिकटवल्या की ३२४, म्हणजे ३१० चा गोल निघतो. जुन्या स्क्रूंच्या भोकांभोवती काळे वलय होते, ते तुकडे बाजूला काढले. मधली पट्टी मी उभ्या चिरीची निवडली. ओकच्या खोडात मध्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे असतात, त्यांना किरण म्हणतात, आणि उभ्या चिरीत ते चमकत्या, वेड्यावाकड्या ठिपक्यांसारखे दिसतात. भाजल्यावर ती चमक किंचित मंदावते, पण जात नाही. तबक शोभेचं, तेव्हा ही शोभा मध्यभागीच हवी.

पट्ट्या नेहमीच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या. एप्रिलच्या उकाड्यात सागवान तासाभरात धरतं, म्हणून तासाने क्लॅम्प काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी चकती हातात घेऊन जरा दाबली तर सांधा उघडला. आत गोंद सायीसारखा ओला. बाहेर ४२ अंश आणि आत गोंद ओला! दहा मिनिटं मी गोंदाच्या डब्यावरची तारीख वाचत बसलो. दोष गोंदाचा नव्हता. पांढरा गोंद सुकतो तो त्यातलं पाणी लाकडात शिरल्यामुळे, आणि ह्या लाकडाने पाणी प्यायचंच सोडलेलं. चोवीस तास दाबून ठेवला असता तर कदाचित धरलाही असता. मी धीर सोडला आणि दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद आणला. त्याला सुकायला पाणी बाहेर जावं लागत नाही. कडा पुन्हा ताज्या रंधून चिकटवल्या, क्लॅम्प बेताने आवळले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. ते सांधे आजही केसाएवढे हललेले नाहीत.

खरी चूक पुढे झाली. चकती २४ मिलिमीटरची. एवढ्या जाडीत चकने, म्हणजे लेथवरच्या जबड्यांच्या पकडीने, धरण्यासाठी मागे बाहेर आलेला गठ्ठू ठेवला तर तबकाला खोली उरत नाही. म्हणून मी मागे ७५ मिलिमीटर व्यासाचा, ४ मिलिमीटर खोल खळगा केला आणि चकचे जबडे त्यात आतून बाहेर उघडून धरले. सागवान, शिसम, आंबा, सगळं मी वर्षानुवर्षं असंच धरत आलोय. वडील कातारी होते, खाटेचे पाय आणि लाटणी करायचे. त्यांच्या लेथवर चकच नव्हता, त्यामुळे ही सवय त्यांची म्हणता येत नाही. माझीच.

जबडे बाहेर ढकलतात म्हणजे ते लाकडात पाचर मारतात. साधं लाकूड थोडं दबून ती पाचर सोसतं. भाजलेलं दबत नाही. ते शांत बसून राहतं आणि मग एकदम जातं. मागची बाजू पुरी करून मी चकती उलटवली, लेथ मिनिटाला ११०० फेऱ्यांवर नेला, आणि तिसऱ्या कापाला 'कट्' असा अगदी कोरडा आवाज आला. तबकाचा तिसरा हिस्सा कूलरच्या शेजारच्या पत्र्यावर जाऊन आदळला. त्या वेगाला ३१० मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी ६४ किलोमीटरने फिरत असते. मी चकतीच्या रेषेत उभा नव्हतो आणि तोंडावर काच होती, म्हणून एवढ्यावर भागलं. भाचा चहा आणायला गेला होता हे त्याचं नशीब, आणि माझं जास्त.

तुकडे जुळवून पाहिले. चीर खळग्याच्या कडेपासून निघून सरळ बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती, दाण्याबरोबर, आणि सांध्यापासून चांगली बोटभर दूर. सांधा लाकडापेक्षा घट्ट निघाला होता. तुटलेली बाजू पाहण्यासारखी होती. साध्या ओकमध्ये तुटल्यावर तंतू दाढीसारखे बाहेर येतात. इथे बिस्किट मोडल्यासारखी सपाट कड.

सागाची बैठक

दोन दिवस मी दुसरीच कामं केली. मग ठरवलं, चकने ओकला हातच लावायचा नाही. मागे दुसऱ्या लाकडाची छोटी चकती चिकटवायची, तिच्यात गठ्ठू कातायचा आणि जबड्यांनी तो बाहेरून आत आवळायचा. आवळण्याने लाकूड दाबलं जातं, फाकत नाही. आणि ती चकती शेवटी काढून टाकण्यापेक्षा तिचीच बारीक बैठक केली तर ओकची पूर्ण जाडी तबकाला मिळते.

प्रश्न होता लाकूड कोणतं. भाजलेल्या ओकच्या पोटाला जे चिकटवायचं ते त्याच्याइतकंच हललं पाहिजे. नाहीतर एक पावसाळ्यात फुगणार, दुसरं अडवणार आणि ठिसूळ जे असेल ते फुटणार. इथे हिशेबाने सुखद धक्का दिला. सागवान मुळातच कमी हलतं : दर टक्क्यामागे रुंदीच्या ०.१० ते ०.१९ टक्के. ९० मिलिमीटरची सागाची बैठक दहा टक्क्यांच्या फरकात ०.९ ते १.७ मिलिमीटर हलेल. तिच्यावरचा तेवढाच ओक, निम्मं पाणी पिणारा, ०.८ ते १.७. भट्टीत घालून ओकला जिथे आणावं लागलं, तिथे साग जन्मतःच आहे. फक्त दोन्हींचा दाणा एकाच दिशेला ठेवायचा.

ताईंना फोन करून विचारलं, जुना, मुरलेला सागाचा तुकडा आहे का. त्यांच्या जुन्या धाब्याच्या घराची तुळई गोठ्यात पडून होती. तिचा हातभर तुकडा घेऊन त्यांचे सासरे स्वतः बसने आले. वय ऐंशीच्या पुढे, धोतर, आणि बोलणं तुरीच्या शेंगेसारखं टणक. फळ्या बघून म्हणाले, "आमच्या फैजपुरात १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी बांबूनं न् गावातल्याच वस्तूंनी सगळं सजवलं. आन् आमच्या घरात तबकाला बाहेरचं लाकूड!" मी म्हटलं, "आबा, बसायला तुमचाच साग आहे त्याला." ते काही विरघळले नाहीत. चहा घेतला, लेथ बराच वेळ न्याहाळला आणि पावणेपाचच्या गाडीने परत गेले.

सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी तो थिनरने पुसून घेतला. इपॉक्सी लावून रात्रभर ठेवलं. मग नवी चकती पुढच्या बाजूने एका सपाट प्लायच्या चकतीवर टेकवली, मागून टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूने, सागाच्या मध्यावर दाब दिला आणि ओकमध्ये एकही स्क्रू न घालता मागची बाजू आणि सागाचा गठ्ठू कातून घेतला. गठ्ठू झाल्यावर चकती उलटवून चकमध्ये आवळली. वेग ४५० पासून सुरू करून ८०० च्या वर नेला नाही.

हाताला काय लागतं

भाजलेला ओक कातताना पहिलं जाणवतं ते हे की ढलपे कुरळे निघत नाहीत. सागवानाचे ढलपे फितीसारखे हातावरून वाहतात. ह्याचा कॉफीच्या भुकटीसारखा भुसा पडतो आणि मध्येच टिकल्यांएवढे तुकडे. धार लागली आहे की गेली, हे ढलप्यावरून ओळखायची सवय इथे कामाची नाही. मी दर पाच-सहा मिनिटांनी गोल पटाशीला धार दिली, लागो न लागो.

दुसरं, कड. तबकाची मागची बाजू बैठकीपासून कडेकडे कातायची असते, म्हणजे प्रत्येक तंतूला पुढच्या तंतूचा टेकू मिळतो. पण शेवटच्या कडेला टेकू संपतो आणि ठिसूळ लाकूड तिथे टवके सोडतं. पहिल्या चकतीत तसे तीन टवके उडाले होते. ह्या वेळी कडेपासून दहा-बारा मिलिमीटर अलीकडे थांबलो आणि तेवढा भाग उलट, कडेकडून आत घेतला. पुढची बाजू तशीही कडेकडून मध्याकडे कातली जाते, तिथे त्रास झाला नाही. कडेची जाडी मी सहा मिलिमीटर ठरवली होती, आठवर सोडली. पातळ कड सुंदर दिसते, पण एकदा टेबलावर आपटली की संपलं.

शेवटच्या दोन कापांआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात दिला. लाख तंतूंमध्ये शिरून घट्ट होते आणि पटाशी त्यांना उपटण्याऐवजी कापते. ह्या एका गोष्टीने माझं निम्मं घासकाम वाचलं.

घासकामाची धूळ हा वेगळाच विषय आहे. लाकडाची धूळ नाकाचा आणि सायनसचा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने नि:संशय कारणांच्या यादीत घातलेलं आहे, आणि त्यात ओक आणि बीचसारख्या टणक लाकडांचं नाव पुढे असतं. भाजलेल्या लाकडाची धूळ तर पिठीसारखी, हवेत तरंगत राहणारी. आमच्या शेडमध्ये ती आणखी तरंगते, कारण कूलर. एकशेवीसच्या पेपरला हात घातल्यावर पाच मिनिटांत कूलरने सगळी शेड चॉकलेटी केली. तेव्हा कूलर बंद, मास्क तोंडाला, एक्झॉस्ट सुरू आणि पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश. ४०० च्या पेपरपर्यंत पोचायला मला दोन सकाळी लागल्या. दुपारी ते काम माणसाने करू नये.

काळे ठिपके

घासलेलं तबक रात्री बाकावर ठेवून गेलो. सकाळी त्यावर मोहरीएवढे निळसर काळे ठिपके, वीस-पंचवीस. भाचा म्हणाला बुरशी. एवढ्या कोरड्या हवेत आणि भाजलेल्या लाकडावर, एका रात्रीत? शक्य नव्हतं.

बाकाच्या शेजारी ग्राइंडर. आदल्या संध्याकाळी मी तिथेच पटाश्यांना धार दिली होती आणि लोखंडाचे बारीक कण तबकावर पडले होते. मग रात्री भाच्याने गरम होतंय म्हणून कूलर लावला. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, भाजल्यावरही काही उरतं. लोखंड, टॅनिन आणि कूलरच्या हवेतलं पाणी एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंडापासून काळा रंग करणाऱ्या रंगाऱ्यांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. मी तोच प्रयोग ताईंच्या तबकावर केला होता. फळ्यांवरच्या जुन्या स्क्रूंभोवतीची काळी वलयंही ह्याच जातीची. त्यात ह्या लाकडातलं उरलेलं आम्ल साध्या लोखंडाला लवकर गंजवतं. गच्चीवरच्या फळ्यांना स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत ते ह्यासाठी, आणि हे मी ताईंना तेव्हाच सांगून टाकलं.

बरेचसे ठिपके एका हलक्या कापात गेले. जे खोल होते त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी काडीने लावलं. ते विषारी आहे, हातमोजे घालून काम केलं, नंतर दोनदा ओल्या फडक्याने पुसलं आणि सुकल्यावर पुन्हा हलकं घासलं. आता ग्राइंडर शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे.

तेल आणि चिंध्या

तबक शोभेचं असल्याने बेलतेल वापरलं, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल. घाण्याचं कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं. दुकानातल्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून त्यावर खाण्याची वस्तू ठेवू नये. ताईंना हे दोनदा सांगितलं, कारण आमच्याकडे तबक म्हटलं की त्यात करंज्या आल्याच.

पहिला हात दिल्याबरोबर रंग कॉफीवरून जुन्या गुळाकडे गेला आणि मधल्या पट्टीतले किरण उजळले. ह्या लाकडाला पाणी नको असलं तरी तेल ते पितं. दर हाताला अर्धा तास मुरू देऊन उरलेलं पुसून काढलं. असे तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये दोन दिवस, आणि शेवटी मधमाशीच्या मेणाचा एक पातळ थर.

इथे एक गोष्ट आवाज चढवून सांगतो. बेलतेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. हे तेल सुकतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते, आणि चिंध्यांच्या गोळ्यात ती अडकून राहते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, आजूबाजूला भुसा असताना, तिला फार वाट पाहावी लागत नाही. माझ्याकडे त्या पाण्याच्या बादलीत जातात आणि मग तारेवर एकेक पसरून वाळतात. शेजारच्या दुकानदाराला वाटतं मी धुणं धुतो.

मजुरी साडेतीन हजार ठरली होती. फुटलेली चकती, इपॉक्सी आणि दोन वाया गेलेले दिवस धरले तर मला काही सुटलं नाही. ताईंनी चार हजार दिले, बाभळीच्या तबकाचा विषय काढला नाही.

ऑगस्ट आणि जानेवारी

देण्याआधी मी तबकाच्या मागे, बैठकीच्या दोन्ही बाजूंना कडेजवळ, सुईने दोन बारीक खुणा केल्या होत्या आणि दाण्याच्या आडव्या दिशेने त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवलं : २० मे, ३०० मिलिमीटर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची झड होती, तेव्हा मुद्दाम फैजपूरला गेलो. हॉलमध्ये ओलावा ८२ टक्के. स्टीलच्या पट्टीवर अंतर ३०३ च्या किंचित पुढे. दाण्याच्या लांबीकडे काहीच फरक नाही. साधा ओक असता, तर ह्याच मिश्र चिरीला मी आठ-नऊ मिलिमीटर धरले असते. तबक काचेच्या टेबलावर ठेवलं आणि कडेवर बोट दाबलं. हललं नाही. सागाच्या बैठकीचा सांधाही नखाला लागला नाही. तीन मिलिमीटरचा लंबगोल डोळ्याला दिसत नाही. मला दिसतो, कारण मला माहीत आहे.

जानेवारीत केळीचं घड-बिड घेऊन येताना पुन्हा डोकावलो. अंतर ३०१ वर उतरलं होतं. पण दुसरीच गोष्ट दिसली. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर पडतं, आणि तबकाचा तेवढा भाग फिकट झाला होता, गुळाचा रंग जाऊन वाळक्या चिंचोक्यासारखा. भट्टीने दिलेला रंग आतपर्यंत असतो खरा, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. गच्चीवरच्या फळ्या तर एव्हाना राखाडीकडे झुकल्या होत्या. हे मी देताना सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं.

मी तबक अर्ध्याने फिरवून ठेवलं, म्हणजे दुसरी बाजूही उजळून सारखी होईल. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आबा बघत होते. म्हणाले, "संध्याकाळी तिकडच्या खिडकीतूनबी ऊन येतं." मग उठून त्यांनी तबक उचललं, उलटं केलं, बैठकीवरून अंगठा फिरवला आणि तसंच, पालथं, टेबलावर ठेवून दिलं.